हापूसला खत घालताय? आधी पाऊस बघा: कोकणातल्या बागायतदारांसाठी सगळी पद्धत

आंबा उतरला, शेवटच्या पेट्या गेल्या, दलालाचा हिशोब आलाय की अजून यायचाय ते बाजूला ठेवा, पण पुढच्या वर्षीचा आंबा हा या जूनमध्येच ठरतो आणि नेमकं तेव्हाच आपण दमलेले असतो, राखणीचे नेपाळी गडी गावाला गेलेले असतात, आणि मग कोणीतरी येऊन बुंध्याशी दोन ओंजळी युरिया टाकून जातो आणि आपण म्हणतो खत झालं. हे खत झाडाला मिळत नाही, वहाळाला (ओढ्याला) मिळतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, किती टाकायचं ते सगळ्यांना पाठ आहे, कधी आणि कुठे टाकायचं यावर जास्त बोलणार आहे.

घाटावरचे व्हिडिओ बघून आपल्याकडे खताचं टाइमटेबल लावू नका. तिकडे वर्षाला 500-600 मिमी पाऊस पडणारे तालुके आहेत, आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात 3000 मिमीच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिकडे पाणी कमी पडतं म्हणून खत लागू पडत नाही, आपल्याकडे पाणी जास्त झालं म्हणून खत राहत नाही. दोन्हीकडची दुखणी उलटी आहेत, तर औषध एक कसं असेल?

पाऊस मोजायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे

विकतचं पर्जन्यमापक घेतलंत तर उत्तमच, नाहीतर सरळ भिंतीचा कुठलाही डबा चालतो, वर आणि खाली रुंदी सारखी पाहिजे एवढंच, बादली नको कारण ती वर पसरट असते. झाडापासून आणि घराच्या पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला (हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं) आत पट्टी घालून किती मिलिमीटर पाणी आहे ते बघा, वहीत तारीख टाकून लिहा आणि डबा ओतून टाका.

आता हा आकडा कशाला पाहिजे ते सांगतो. 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या कलमाचा विस्तार (फांद्यांचा पसारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत) 10 मीटर असेल तर त्याच्या खालची जमीन साधारण 78 चौरस मीटर झाली, म्हणजे एका दिवसात 100 मिमी पडला तर त्या एकट्या झाडाच्या वाट्याच्या जमिनीवर 7800 लिटर पाणी येतं. आपल्याकडे जुलैत 100 मिमीचा दिवस ही काही बातमी नाही. त्या पाण्यात तीन किलो युरियाचं काय होत असेल तुम्हीच विचार करा.

प्रत्येक खत वेगळं वागतं हेही इथेच सांगून टाकतो. युरिया पाण्यात लगेच विरघळतो, थोडा ओलावा असलेल्या जमिनीवर उघडा पडला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो, आणि जोराचा पाऊस झाला तर मुळांच्या खाली निघून जातो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पालाश, म्हणजे पोटॅश, तोही आपल्या हलक्या जमिनीतून बऱ्यापैकी धुपून जातो. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलटं, तो वाहून जात नाही पण आपल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम इतकं आहे की ते त्याला धरून ठेवतं आणि झाडाला सोडत नाही. म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट नुसतं वर भुरभुरण्यात काही अर्थ नाही, ते शेणखतात मिसळून मुळांजवळ पट्ट्यात गेलं तरच उपयोग.

माती तपासणी

मे महिन्यात, खत घालायच्या आधी. विस्ताराच्या सावलीच्या कडेजवळून, बागेत नागमोडी फिरत आठ-दहा झाडांखालची माती घ्या, वरचा पाचोळा बाजूला करून एक फुटापर्यंतची, आणि जमलं तर एक ते दोन फुटांची वेगळी. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत सुकवून पिशवीत भरा. गेल्या वर्षीच्या खताच्या चरातली आणि गोठ्याशेजारची माती घेऊ नका. सड्यावरचे (कातळाच्या माळावरचे) प्लॉट आणि खालचे मळ्याकडचे प्लॉट यांचे नमुने वेगवेगळे द्या. जिल्ह्याची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, लांजा (रत्नागिरी) आणि किर्लोस (सिंधुदुर्ग) इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा सामू (pH) बघा. आपली माती आम्लच निघणार, साडेपाच-सहाच्या आसपास असेल तर घाबरायचं कारण नाही, हापूस त्यातच वाढलाय. त्याहून बराच खाली असेल तर चुना घालायचा सल्ला मिळेल, तो रिपोर्टप्रमाणेच घाला, मनाने नको, आणि चुना व युरिया एकाच वेळी एकाच जागी कधीच नको, युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो. चुना आधी, मग काही आठवडे जाऊ द्या, मग खत. झिंक, बोरॉन वगैरे पण रिपोर्टमध्ये कमी दिसलं तरच, दुकानदार देतो म्हणून नको.

किती: दापोलीचं गणित

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस सोपी आहे. पहिल्या वर्षाच्या कलमाला एक घमेलं शेणखत, 300 ग्रॅम युरिया, 300 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 200 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. दरवर्षी रासायनिक खत तेवढंच वाढवत जायचं, म्हणजे पाचव्या वर्षी दीड किलो युरिया, दीड किलो सुपर, एक किलो पोटॅश. दहाव्या वर्षी 3 किलो युरिया, 3 किलो सुपर, 2 किलो सल्फेट ऑफ पोटॅश आणि पाच घमेली म्हणजे 50 किलो शेणखत, आणि तिथेच थांबायचं. झाड चाळीस वर्षांचं झालं तरी तेवढंच.

बॅगांचा हिशोब आधी करून ठेवा कारण जूनमध्ये युरिया मिळायची बोंब असते. हेक्टरी 100 कलमं धरली (10 बाय 10 मीटर) तर 300 किलो युरिया लागेल, बॅग 45 किलोची असते म्हणजे सात बॅगा. सुपरच्या 50 किलोच्या सहा, पोटॅशच्या चार. शेणखत पाच टन, आणि खरी अडचण तीच आहे, कारण गुरं राहिली कुठे.

बऱ्याच जणांकडे 15:15:15 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 15 टक्के) घालायची सवय आहे. चालेल, पण नुसतं ते घालून नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळतं) पुरं करायला गेलात तर मोठ्या झाडाला सव्वानऊ किलो लागेल आणि स्फुरद गरजेच्या तिप्पट पडेल, पैसे फुकट. त्यापेक्षा मोठ्या झाडाला 15:15:15 सव्वातीन किलो, त्याच्या जोडीला युरिया सुमारे दोन किलो आणि सल्फेट ऑफ पोटॅश एक किलो, हिशोब बरोबर जुळतो. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं म्हणून लोक तेच घालतात, त्यात क्लोराईड असतं, आंब्याला विद्यापीठ सल्फेटच सांगतं आणि मीही तेच म्हणेन, बजेट कमी असेल तर दुसरीकडे कात्री लावा.

कधी: सगळा खेळ इथे आहे

जुनी माणसं नक्षत्रावर बोलायची. रोहिणीत (25 मेच्या सुमारास) राबणी-साफसफाई, मृगात (7-8 जून) पेरा, आर्द्रा लागली (21-22 जून) की पावसाचा नेम नाही. खताची शिफारसही पावसाच्या सुरुवातीलाच आहे, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. पण आता कॅलेंडर आणि पाऊस यांची फारकत झालीय. 2025 ला मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला, मुंबईत नेहमीची तारीख 11 जून आहे, म्हणजे सोळा दिवस आधी, झाडावर आंबा लटकतोय आणि खाली पाणी वाहतंय अशी अवस्था. त्या वर्षी जे 7 जूनची वाट बघत बसले त्यांची जमीन तोवर चिखल झाली होती. उलट काही वर्षी मृग कोरडा जातो. म्हणून तारीख सोडा, जमीन बघा.

मी वापरतो तो ठोकताळा असा, हा माझा आहे, विद्यापीठाचा नाही. पहिल्या पावसापासून वहीतली बेरीज 75 ते 100 मिमी झाली की बागेत जाऊन विस्ताराच्या कडेला पहार मारून बघायची, फूटभर सहज गेली आणि वर येताना माती ओली चिकटून आली म्हणजे जमीन तयार. त्याच्या आधी कोरड्या मातीत खत घालू नका, वळवाची एक सर आली की युरिया अर्धवट भिजून उडतो आणि दुसरी सर मोठी आली की उरलेला घेऊन जाते. त्याच्यानंतर फार उशीरही नको, कारण आर्द्रा-पुनर्वसूत एकदा झड लागली की चर मारणं म्हणजे तळी खणणं.

जमीन तयार झाली की पुढचे तीन-चार दिवस बघा. दापोलीहून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत ॲपवरही दिसतो. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर खताला हात लावू नका, हवामान खात्याच्या भाषेत 115 मिमीच्या वर अतिजोरदार आणि 204 च्या वर अत्यंत जोरदार, तसले दिवस पुढे दिसत असतील तर गोणी बंद ठेवा. रोज 10-20 मिमीच्या सरी, मधूनच ऊन, हे खताचं खरं हवामान.

नत्राचे दोन हप्ते करा असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यापीठाचा डोस तोच, फक्त शेणखत, सुपर, पोटॅश सगळं आणि अर्धा युरिया पहिल्या वेळी, उरलेला अर्धा (मोठ्या झाडाला दीड किलो) श्रावणातली उघडीप मिळाली की. पण 15 ऑगस्टच्या पुढे नेऊ नका. गणपती झाल्यावर निवांत घालू म्हणणारे भेटतात, त्यांना सांगा की सप्टेंबर-ऑक्टोबरात नत्र मिळालं की झाड पालवी काढतं, पालवी पक्व व्हायला वेळ लागतो आणि कोवळ्या पालवीवर मोहोर येत नाही. मग डिसेंबरात थंडी पडली तरी झाड नुसतं हिरवंगार, फोटो काढायला छान.

मजुरी डबल होते हे खरंय. ज्यांना दोनदा शक्य नाही त्यांनी एकदाच घाला पण वेळ अचूक साधा.

कुठे आणि कसं

बुंध्याशी खत घालणं बंद करा. खाणारी बारीक मुळं तिथे नसतात, ती विस्ताराच्या कडेकडे असतात. दुपारी बाराला झाडाची सावली जिथे संपते तिथून फूट-दीड फूट आत फूटभर रुंद आणि अर्धा फूट खोल गोल चर काढायचा. जास्त खोल नको, मुळं तुटतात. आधी ग्रास कटरने गवत मारून घ्या, नाहीतर निम्मं खत गवत खातं. चरात खाली शेणखत आणि त्यात मिसळलेलं सुपर, त्यावर युरिया आणि पोटॅश, आणि लगेच मातीने झाकायचं. लगेच म्हणजे त्याच दिवशी, "उद्या बुजवू" म्हणून गडी गेला आणि रात्री पाऊस लागला की संपलं.

उतारावर पूर्ण गोल चर काढलात तर खालच्या अंगाचं खत पाण्याबरोबर निघून जाईल, त्यामुळे वरच्या अंगाला अर्धगोल चर आणि खालच्या अंगाला मातीचा किंवा दगडांचा अर्धचंद्र बांध, म्हणजे खत पाझरत खाली येईल ते झाडाच्या मुळातच येईल. कातळावर सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यातली कलमं असतील तर वेगळाच प्रकार, तिथे मुळांना पसरायला जागाच त्या खड्ड्याएवढी, पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. तिथे आधी पाणी बाहेर काढायला चर फोडून द्या, दरवर्षी मातीची भर घाला, आणि खत जास्त हप्त्यांत थोडं थोडं द्या. जुन्या बागा ज्यात फांद्या एकमेकांत गेल्यात तिथे गोल चर कुठे काढणार, तिथे दोन ओळींच्या मध्ये सरळ पट्टा मारा.

शेणखत नाही, मग काय

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून टाका, खुंटी रोवली की जगतं, दोन-तीन वर्षांत छाटायला येतं. जून-जुलैत कोवळ्या फांद्या तोडून पाला चरात दाबा, नत्र चांगलं असतं आणि पटकन कुजतो. ताग-धैंचा मोकळ्या जागेत पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडता येतो. बागेतला पातेरा जाळू नका, आंब्याचाच पाला आंब्याला घाला, तो कुजायला वेळ घेतो पण सड्यावरच्या मातीत पाणी आणि खत धरून ठेवणारं दुसरं आहेच काय. शेणखत मात्र कुजलेलंच पाहिजे, कच्चं घातलंत तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण.

कल्टार घालणाऱ्यांसाठी

पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक, ज्याला आपण सरसकट कल्टार म्हणतो, ते 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात घालतात. विस्ताराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजून सरासरी काढायची आणि दर मीटरला 3 मिली. एका बाजूने 10 मीटर, दुसरीने 8 असेल तर सरासरी 9, म्हणजे 27 मिली. ते तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25-30 भोकं पहारीने पाडून (चार-पाच इंच खोल) सारखं वाटून ओतायचं. जमीन ओली पाहिजे पण पाणी वाहत असताना नको. दहा वर्षांखालच्या आणि अशक्त झाडांना घालू नका. आणि ज्या झाडाला कल्टार घालता त्याला खत चुकवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, झाड भाड्याने घेणारे काही लोक कल्टार ओततात आणि शेणखताचं नाव काढत नाहीत, दोन-तीन वर्षं आंबा घेऊन जातात आणि मागे राहतो तो खराटा. करारात खताचं कलम घाला.

पाऊस गेल्यावर

परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपायला हवा, हल्ली दिवाळीतही पडतो. तो लांबला की जमिनीतला ओलावा टिकून राहतो, झाडाला ताण बसत नाही आणि मोहोर पुढे जातो. यावर खताने काही करता येत नाही, फक्त बागेतलं पाणी लवकर निघून जाईल असे चर मोकळे ठेवा आणि युरियापासून लांब राहा. पालवी फुटलीच तर तिला तुडतुडे आणि करप्यापासून सांभाळा.

मोहोर निघून फळ धरलं की मग आच्छादन. पावसात कापलेलं गवत बुंध्याभोवती विस्तारभर पसरा. याचा दुहेरी फायदा, ओल टिकते, आणि तापलेल्या जमिनीची धग वर फळाला कमी लागते म्हणून साका (फळाच्या आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) कमी होतो. पाण्याची सोय असेल तर फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी झाडाला 150-200 लिटर, असं तीन-चार वेळा, आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद. या काळात जमिनीतून खत नाही, फवारणीतून 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का, दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम, फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना. गळ कमी होते, फळ भरतं. भर उन्हात मारू नका.

अवकाळी पाऊस डिसेंबर-जानेवारीत आला, ढगाळ राहिलं, तर भुरी आणि तुडतुड्यांची फवारणी पाऊस थांबल्यावर लगेच विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्या, आणि त्या घाईत टाकीत तीन-चार टॉनिकं एकत्र ओतू नका. मे महिन्यात पाऊस आलाच तर ओलं फळ काढू नका, सुकू द्या, देठासकट नूतन झेल्याने (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीने) उतरवा, चौदा आणे (जवळजवळ पूर्ण) तयार झालेलं आधी घ्या. हवामानावर आधारित फळपीक विमा काढला असेल तर भरपाई तुमच्या बागेत किती पडला यावर नाही, तुमच्या महसूल मंडळाच्या केंद्रावर किती नोंद झाली यावर ठरते, तरी स्वतःची वही ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर हातात निदान तारखा असतात.

काजू आणि कोकम

पूर्ण वाढलेल्या काजूला सव्वादोन किलो युरिया, दीड किलो सुपर, 400 ग्रॅम म्युरेट. वेळ आणि चर वरच्यासारखंच, काजू बहुतेक वरकस उतारावरच असतो त्यामुळे अर्धगोल चराचं तिथे जास्त मनावर घ्या. मोठ्या कोकमाला 20 किलो शेणखत, एक किलो युरिया, दीड किलो सुपर, 400 ग्रॅम म्युरेट. कोकमाला लोक काहीच घालत नाहीत, रानातलं झाड म्हणून सोडून देतात, आणि मग आमसुलाचे दर वाढले की वर बघतात. त्याचं फळ पावसाच्या तोंडावर पिकतं, त्यामुळे मेच्या मध्यापासून वहीपेक्षा आभाळाकडे बघून तोडणी करा, उरलेली फळं पहिल्या मोठ्या पावसात खाली पडून कुजतात आणि सोलं वाळवायला ऊनही मिळत नाही.